धक्का जिरतो कुठे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला थोरल्या भावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे २००८ साली घेतलेली मारुती ८०० आहे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी तिची चांगलीच परीक्षा घेतली होती. गतिरोधकावरून गेली की तिचा पुढचा भाग होडीसारखा डोलत राही, आणि ब्रेक दाबला की ती नाक खाली घाली.

नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि हात एकदम काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. त्याने तीन हेलकावे मोजले.

“काका, हिचे पुढचे शॉकअप गेलेत. बाबा म्हणतात, आपण घरीच बदलू. पण मला एक सांगा, शॉकअप धक्का शोषून घेतो ना? मग इतक्या वर्षांत शोषलेले सगळे धक्के गेले कुठे?”

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मराठीत आपण त्याला धक्काशोषक म्हणतो. नाव मोठे अर्थपूर्ण वाटते, पण खरे सांगायचे तर ते थोडे फसवे आहे. ते कसे, हे आधी पाहू. कारण ते समजल्यावाचून या कामाला हात घालणे धोक्याचे आहे.

धक्का घेतो कोण?

चाक दगडावर चढले की ते झटकन वर उचलले जाते. चाक आणि गाडीचा सांगाडा एकमेकांना घट्ट जोडलेले असते, तर तेवढ्याच झटक्याने आत बसलेली माणसेही उचलली गेली असती. तसे होऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये स्प्रिंग ठेवतात. चाक वर येते, स्प्रिंग दाबली जाते आणि गाडीला झटक्याऐवजी हळूहळू वाढणारा दाब जाणवतो. म्हणजे धक्का प्रथम घेते ती स्प्रिंग, धक्काशोषक नव्हे!

परंतु स्प्रिंग धक्का घेते, जिरवत नाही. दाबताना तिच्यावर जे कार्य होते ते तिच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठून राहते, आणि संधी मिळताच ती जवळजवळ सगळी ऊर्जा परत करते. गाडी वर फेकली जाते, मग स्वतःच्या वजनाने खाली येते, पुन्हा स्प्रिंग दाबते. झोपाळ्याला एकदाच ढकलले तरी तो कितीतरी वेळ झुलत राहतो, तसाच हा प्रकार.

थोडे गणित करू. समजा, एका पुढच्या चाकावर गाडीचा २०० किलोग्रॅम भार आहे, आणि स्प्रिंग १ मिलिमीटर दाबण्यास १५ न्यूटन बल लागते. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, पण लहान गाडीच्या बाबतीत ते वास्तवाला सोडून नाहीत. या आकड्यांवरून एका हेलकाव्याचा काळ निघतो सुमारे ०.७ सेकंद. म्हणजे केवळ स्प्रिंगवर बसवलेली गाडी एका खड्ड्यानंतर मिनिटाला सुमारे ८० हेलकावे या वेगाने डोलत राहील. पहिले डोलणे थांबण्याआधीच दुसरा खड्डा येईल आणि डोलणे वाढतही जाईल.

जुन्या टांग्यांना आणि मालमोटारींना एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात, हे तुम्ही पाहिले असेल. पाटा वाकताना त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात थोडी ऊर्जा खर्च होते. गुंडाळलेल्या तारेच्या स्प्रिंगमध्ये असे घासणारे काही नसते. म्हणून तिला जोडीदार हवा. हा जोडीदार म्हणजेच आपला शॉकअप.

दट्ट्या आणि तेल

शॉकअप हे एक बंद नळकांडे असते. त्यात तेल भरलेले असते आणि तेलात एक दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. दट्ट्या सरकायचा म्हणजे एका बाजूचे तेल त्या छिद्रांतून दुसऱ्या बाजूला गेले पाहिजे. ते सहजासहजी जात नाही. छिद्रांतून रेटले जाताना त्याच्या थरांत घर्षण होते, भोवरे उठतात आणि तेल तापते. गाडीच्या हेलकाव्याची ऊर्जा अशा रीतीने उष्णतेत बदलते. ती उष्णता नळकांड्याच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत निघून जाते. हेलकावे असे मंद होत जाण्याला अवमंदन म्हणतात.

तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सतरा-अठरा वर्षांचे सगळे धक्के ऊब होऊन रस्त्यावरच्या हवेत गेले. एका हेलकाव्यात स्प्रिंग नेहमीपेक्षा ५ सेंटिमीटर जास्त दाबली गेली, तर आपल्या आकड्यांप्रमाणे सुमारे १९ जूल ऊर्जा जिरवावी लागते. खराब रस्त्यावर दर सेकंदाला असा एक धक्का बसला, तर एका शॉकअपमधून जवळजवळ २० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते.

यात आणखी एक खुबी आहे. दट्ट्या हळू सरकवला तर तेल फारसा विरोध करीत नाही. जोराने सरकवला तर विरोध पुष्कळ वाढतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही मोटारींत एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्यांच्या घर्षणाने हे काम करीत. पण कोरड्या घर्षणाचा विरोध वेग कमी असो वा जास्त, साधारण सारखाच राहतो. त्यामुळे बारीक धक्क्यांना चकत्या अडून बसत आणि मोठ्या धक्क्यांना त्या अपुऱ्या पडत. तेलाचा विरोध मात्र धक्क्याच्या जोराप्रमाणे कमीअधिक होतो.

झडपांची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. चाक वर येताना विरोध कमी ठेवतात, म्हणजे धक्का वर पोहोचत नाही. आणि स्प्रिंग उलगडताना विरोध जास्त ठेवतात, म्हणजे साठलेली ऊर्जा एकदम सुटत नाही.

शॉकअप ‘जातो’ म्हणजे काय?

दट्ट्याचा दांडा नळकांड्यातून जेथे बाहेर येतो तेथे रबराचे सील असते. वर्षानुवर्षे घासून ते झिजते आणि तेल झिरपू लागते. झडपाही झिजतात. मग दट्ट्या विरोधाशिवाय सरकू लागतो, आणि स्प्रिंग एकटी पडते.

आमच्या गाडीखाली वाकून पाहिले, तर दोन्ही शॉकअपच्या अंगावर तेलाने भिजलेल्या धुळीचा काळा थर होता. टायरांवरही ठिकठिकाणी उथळ वाट्यांसारखी झीज झालेली होती. बॉनेट दाबून केलेली परीक्षा, तेलाची गळती आणि टायरांची झीज अशा तीन खुणा एकत्र दिसल्या, की शंका उरत नाही.

येथे प्रश्न केवळ बसणाऱ्यांच्या सुखाचा नाही. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण हे टायर रस्त्यावर किती दाबाने टेकला आहे यावर अवलंबून असते. शॉकअप निकामी असला की खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते. ज्या क्षणी चाक हवेत असते त्या क्षणी ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही आणि स्टिअरिंग वळवूनही होत नाही. ओल्या रस्त्यावर समोर अचानक कोणी आले, तर असे काही क्षण पुरेसे होतात. म्हणून भावाचा निर्णय योग्यच होता. शिवाय शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला, तर गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागू लागतात.

एकाच खांबात दोघे

मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या चाकांची जोडणी ‘मॅकफर्सन स्ट्रट’ या पद्धतीची आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित केली. स्ट्रट म्हणजे आधाराचा खांब. या पद्धतीत शॉकअप हाच खांब असतो आणि स्प्रिंग त्याच्याभोवती गुंडाळल्यासारखी बसवलेली असते. खांबाचे खालचे टोक चाकाच्या गाभ्याला दोन बोल्टांनी जोडलेले असते; वरचे टोक बॉनेटखाली सांगाड्याला नटांनी आवळलेले असते. सुटे भाग थोडे लागतात आणि जागाही थोडी, म्हणून लहान गाड्यांना ही रचना फार सोयीची ठरली.

पण याचाच अर्थ असा, की शॉकअप बदलायचा तर त्याच्याभोवतीची दाबलेली स्प्रिंग उतरवावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

गाडी उचलताना

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या सपाट फरशीवर काम सुरू झाले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. चाक हवेत उचलल्यावर ते नटाबरोबर फिरू लागते.

मग पुतण्या म्हणाला, “गाडी गियरमध्ये टाकून ठेवू, म्हणजे सरकणार नाही.” येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते, आणि आपण उचलणार आहोत तीही पुढचीच. एक चाक जरी हवेत गेले, तरी इंजिनाची पकड त्या मोकळ्या चाकातून निसटते आणि गाडी अडत नाही. म्हणून हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून दगडांची उटी लावली. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, तेव्हा खरा भरवसा तेथेच.

जॅकने गाडी उचलली आणि लगेच सांगाड्याच्या मजबूत जागेखाली लोखंडी स्टँड ठेवून भार त्याच्यावर सोडला. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. काढलेले चाकही गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले. काही घसरलेच, तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

त्यानंतर ब्रेकची रबरी नळी खांबावरच्या पकडीतून सोडवली. खालचे दोन बोल्ट गंजलेले होते. त्यांना तासभर आधी तेल लावून ठेवले होते, तरी लांब दांड्याचा पाना घ्यावा लागला. बोल्ट निघण्याआधी चाकाचा गाभा तारेने बांधून ठेवला, कारण तो बाहेर कलंडला तर ब्रेकच्या नळीवर आणि चाक फिरवणाऱ्या दांड्यावर ताण येतो.

मधला नट

आता बॉनेट उघडले. खांबाच्या माथ्यावर कडेने नट दिसत होते आणि मधोमध, रबरी टोपीखाली, एक मोठा नट होता. पुतण्याने सरळ त्या मोठ्या नटालाच पाना लावला.

“थांब!” भाऊ आणि मी एकदमच ओरडलो.

कडेचे नट खांबाला सांगाड्याशी धरून ठेवतात. ते सोडले की खांब आख्खा खाली येतो, स्प्रिंगसकट, निरुपद्रवी. मधला नट मात्र दट्ट्याच्या दांड्यावर असतो आणि तो दाबलेल्या स्प्रिंगला अडवून धरतो. तो सोडला की स्प्रिंगला अडवणारे काहीच उरत नाही.

“पण चाक तर हवेत आहे,” पुतण्या म्हणाला. “स्प्रिंगवर भार कुठे आहे?”

कितीतरी माणसांची फसगत होते ती येथेच. आपल्याच आकड्यांनी पाहू. गाडी चाकांवर उभी असताना २०० किलोग्रॅम भाराखाली स्प्रिंग सुमारे १३ सेंटिमीटर दाबलेली असते. चाक हवेत लोंबकळले की समजा ती ७ सेंटिमीटर उलगडली. त्यापुढे खांबच तिला उलगडू देत नाही. तेव्हा ६ सेंटिमीटर दाब शिल्लक राहिलाच! म्हणजे बल झाले ६० गुणिले १५, अर्थात ९०० न्यूटन. सुमारे ९० किलोग्रॅम वजनाएवढे. स्प्रिंगमधील ऊर्जा काढायची तर बल शून्यापासून सारखे वाढत गेलेले असल्यामुळे त्याच्या निम्म्याला अंतराने गुणायचे: ४५० गुणिले ०.०६, म्हणजे २७ जूल. ही सारी ऊर्जा १ किलोग्रॅम वजनाच्या लोखंडी तुकड्याला मिळाली, तर तो पावणेतीन मीटर उंच उडेल. तेवढ्यात कोणाचे डोके वाकलेले असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

नट सुरक्षितपणे काढायचा तर स्प्रिंग आणखी आवळून तिचा दाब आधी नटावरून काढून घ्यावा लागतो. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाचे अवजार असते. समजा, स्प्रिंग त्यात एकूण १० सेंटिमीटर दाबली. आता बल १५०० न्यूटन आणि ऊर्जा ७५ जूल! दाब दुपटीपेक्षा कमी वाढला, पण ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक झाली, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता तोच तुकडा साडेसात मीटरांवर, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्याही वर जाईल. अवजाराचा एक आकडा घसरला, तर ही ऊर्जा डोळ्याचे पाते लवण्याआधी सुटते. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून हे काम करू पाहणे म्हणजे शुद्ध आत्मघात.

म्हणून आम्ही एक सीमा ठरवली. खांब काढणे आणि बसवणे ही कामे घरी. मधला नट गॅरेजमध्ये. तेथे स्प्रिंग दाबून धरणारे यंत्र भक्कम पायावर बसवलेले होते. दोन्ही खांब तेथे नेले आणि तासाभरात नवे शॉकअप घालून परत आणले. पैसे थोडेसेच गेले. घरी काम करण्यात कमीपणा नाही, तसा एखादी पायरी जाणकारावर सोपवण्यातही नाही.

गंमत पाहा. जो भाग आपण निकामी म्हणून टाकून देतो, त्यात हात भाजेल एवढीही ऊर्जा शिल्लक नसते. आणि जी स्प्रिंग धडधाकट म्हणून परत वापरतो, तीच खरी जपण्याची वस्तू.

नवा शॉकअप

नवे शॉकअप दुकानात आडवे ठेवलेले असतील, तर आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ नाही. म्हणून छिद्रांतून तेलाऐवजी हवा गेली तर विरोध मिळत नाही. यासाठी बसवण्याआधी शॉकअप उभा धरून त्याचा दांडा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण वरखाली करतात. हवा वर निघून जाते आणि हाताला एकसारखा विरोध जाणवू लागतो.

आणखी एक खबरदारी. चकचकीत दांडा कधीही पकडीने धरू नये. त्यावर उठलेला बारीकसा ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला सीलवर घासतो, आणि नवा शॉकअप थोड्याच दिवसांत गळू लागतो. जुना शॉकअप कापून आत काय आहे ते पाहण्याचा मोहही टाळावा. काही शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो.

जोडणी उलट्या क्रमाने केली. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, आणि गाडी जमिनीवर आल्यावर पूर्ण आवळले. या पद्धतीत खांबच चाकाचा कोन ठरवतो. म्हणून नंतर चाकांची अलाइनमेंट तपासून घेतली. पन्नासेक किलोमीटर गाडी चालल्यावर सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा पाहिले.

शेवटी पुतण्याने बॉनेटच्या त्याच कोपऱ्यावर भार देऊन हात काढले. गाडी वर आली, किंचित खाली गेली आणि स्थिर झाली.

करून पहा

१. एका रबराला छोटा दगड बांधून टांगा. दगड थोडा खाली ओढून सोडा आणि तो थांबेपर्यंतचे हेलकावे मोजा. आता दगड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडेल असा टांगून तेच करा. शक्य असेल तर वाटीभर गोड्या तेलातही, लहान खडा घेऊन, करून पहा. हेलकावे कमी का झाले? त्यांची ऊर्जा कोठे गेली?

२. सुई नसलेली, वापरलेली नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या. तिच्यात पाणी भरून दट्ट्या आधी अगदी हळू आणि मग जोराने दाबा. हाताला जाणवणारा विरोध दोन्ही वेळा सारखा आहे का? मग पिचकारीत अर्धी हवा ठेवून, तोंडावर बोट धरून दट्ट्या दाबा. नवा शॉकअप बसवण्याआधी त्यातली हवा का काढतात, हे तुमच्या अंगठ्याला लगेच कळेल.

स्प्रिंगशी मात्र खेळू नका. ती घेतलेली प्रत्येक गोष्ट परत करते.